वणव्याच्या वाटेतला मांडव

माज्या तोंडाला कुनी लागत न्हाई. वाडीत कुनालाबी इचारा. तरन्या वयात नवरा गेला, पोरगं चार वर्सांचं, रान डोंगराच्या उतरनीला. तोंड नसतं तर भावकीनं मला कवाच गिळली आसती. म्हनून बोलते, आन् बोलून झाल्यावर पस्तावा करत बसत न्हाई. पन ह्या चैत्रात वनवा आला, त्या दिवशी जिथं गप बसायचं तिथं मी बोलले, आन् जिथं बोलायचं तिथं गप बसले. तेवढं येक मनाला लागलंय. सांगते, पन मदी हुंकाराबिगर काय बोलू नगा.

आकाराम माजा येकुलता येक. लढाई सुरू झाली त्याच साली पलटनीत भरती झाला. बोटीत बसून कुटं लांब वाळवंटात गेला. तिकडनं पत्र यायचं, त्येच्यात निम्म्या वळी काळ्या केल्याल्या. मास्तर वाचून दाखवायचा आन् काळं आलं की खोकायचा. चार वर्सांनी त्येला अठ्ठावीस दिवसांची रजा मिळाली. म्या म्हनलं, आता ह्येला बिनलग्नाचा परत धाडायचा न्हाई. वढ्यापल्याडच्या वाडीतली नाथाजीची साळू मी आदीच हेरून ठेवली व्हती. मेढा गावच्या बाजारात नाथाजीला गाठला, सुपारी फोडली, आन् आठव्या दिवसाचं लगीन धरलं. आमच्यात लगीन नवऱ्याच्या दारात लागतं, तवा मांडव आमचा.

मांडव बाकी झाक झाला. कळकाचे वासे, वर जांभळीच्या डहाळ्यांची दाट शाकारनी, पडवीपास्नं सुरू करून पार आंगनाच्या कडंपतूर. घराचं छप्पर गवताचं, खाली उतरल्यालं, म्हनून मांडवाचे वासे सरळ वळचनीलाच बांधले. कोपऱ्यात मुहूर्तमेढ. पाच सवाशिनींनी ती रवली, शेंड्याला तांबडं फडकं बांधलं. मी लांब भितीला टेकून बघत हुबी. विधवा बाईचा आसल्या कामात हात चालत न्हाई. माज्या लेकाचं लगीन, पन मेढीला हात लावायची मला सोय न्हाई.

मेढीचं मला भ्याव का, ते बी सांगते. माज्या लग्नात वावटळ आली आन् मेढ आडवी झाली. लोकांनी हुबी केली, लगीन लागलं. पुढं सा वर्सांनी पटकीची साथ आली, वाडीतली सात मानसं गेली, त्यात माजा कारभारी. बाकीची सा पटकीनं मेली. माजा नवरा मात्र मेढ पडली म्हनून मेला. सासू मरस्तवर हेच म्हनत ऱ्हायली, पांढऱ्या पायाची, मेढ पाडून आली. ऐकून ऐकून मलाबी खरं वाटाय लागलं. आता लेक लढाईवरचा, परत लढाईवर जानारा. तवा त्या मेढीला मी डोळ्यात तेल घालून जपत व्हते. कोंबडं जरी तिच्याकडं गेलं तरी मी वरडत सुटायची.

लग्नाला दोन दिस ऱ्हायले. दुपारच्या भाकरी झाल्या आन् वरच्या सड्याच्या, डोंगरमाथ्यावरच्या माळाच्या आंगानं धूर दिसला. आदी कुनी मनावर घेतलं न्हाई, कारन चैत्रात डोंगर कुटं ना कुटं पेटतोच. पन दुपारचा वारा सुटला तसा त्यो धूर आमच्याकडं वाकला. कोंडीबानं, माज्या चुलतदिरानं, बोट वलं करून वर धरलं आन् म्हनला, "दोन-तीन तासात हितं."

मग काय इचारता! थाळ्या बडवल्या, हाकाट्या दिल्या. आमची अकरा घरं, छपराला छप्पर भिडल्यालं. येक पेटलं की अकराच्या अकरा गेली. वनव्याची थाळी वाजली की चारी वाड्यांनी यायचं, भांडान आसू दे न्हाई तर सोयरीक, आसा आमच्याकडं पूर्वीपास्नं नेम हाय. जो येत न्हाई त्येच्या घरी पुढं कुनी पानी पीत न्हाई.

कोंडीबाचं डोकं आशा वक्ती लय चालतं. आदी जनावरांची दावी सोडली आन् ती खालच्या नांगरटीत हाकलली. नांगरल्याल्या रानात पेटाया काय नसतं, म्हनून म्हातारी-कोतारी आन् तान्ही लेकरंबी तिथंच धाडली. मग सगळ्या घरांतल्या चुलींवर पानी वतलं. वैरनीच्या गंजी मोडून पेंढ्या लांब वढ्याच्या वाळूत फेकल्या. गोवऱ्या, सरपान, पडवीतल्या कनग्या, दोरखंडं, जी म्हनून वस्तू पेटंल ती घरापास्नं तोडली. आकारामनं त्येच्या पलटनीतली रीत सांगितली: छपराची खालची कड दोन हात उपसून काढा, ठिनगी आदी वळचनीलाच धरती. लोकं म्हनली, पावसाच्या आत पुन्हा शाकारू, आन् सगळ्यांनी आपापल्या वळचनी वरबाडल्या. शेनमातीचा पातळ काला करून बायांनी त्यो छपरावर फेकला. खड्डा खनून आंगनातच काला कालवला व्हता. गोनपाटं भिजवून आढ्यावर टाकली. आंगनं झाडून झाडून घासल्यागत केली, पानाचा तुकडा ठेवला न्हाई.

समदं केलं, आन् मांडव तसाच ठेवला.

आता तुमी म्हनाल, समदी काय आंधळी व्हती का? नव्हती. जांभळीचा पाला पाच दिसात उनानं कुरकुरीत झाला व्हता. हात लावला की चुरा. येड्यालाबी दिसत व्हतं. पन शुभकार्याचा मांडव लग्नाआदी उतरवा म्हनून कोन बोलनार? बोलनाऱ्याच्या माथी पाप. कोंडीबानं मांडवाकडं बघितलं आन् मान खाजवली. शेजारच्या दगडाबाईनं बघितलं आन् पदर तोंडाला लावला. शेवटी आकारामच म्हनला, "आई, मांडव उतरू. वाळून कडक झालाय. ठिनगी पडली तर सरळ घरात येईल."

"मेढीला हात लावलास तर माजं मेल्यालं तोंड बघशील," म्या म्हनलं.

"आई, आगं घर..."

"घर पुन्हा बांधता येतं. तू पुन्हा येतोस का?"

पोरगं गोळ्यांत चार वर्सं काढून आलं, पन माज्या शपतंपुढं त्येचं काय चालंना. कोयता घेतला आन् वर पुरुषांच्या मागं निगून गेला. मग आमी बायांनी काय शानपना करावा? झऱ्याला चैत्रात करंगळीयेवढी धार, घागर भराया येळ लागतो, आन् त्यातल्या सोळा घागरी आमी मांडवावर वतल्या. छपराला पानी न्हाई आन् मांडवाला आंगूळ. घटकाभरात पाला पुन्हा तसाच कुरकुरीत.

वर पुरुष मानसं पट्टा काढत व्हती. इस हात रुंदीचं गवत तासून मातीपतूर उघडं करायचं, मग पट्ट्याच्या पल्याडच्या गवताला आपनच आग लावायची. ती आग वनव्याकडं सरकती. दोनी आगी समोरासमोर आल्या की खायाला काय उरत न्हाई आन् जागच्या जागी बसतात. करायला सोपं वाटतं. वारा फिरला तर लावनाराच भाजतो.

तेवढ्यात वढ्यापल्याडच्या बाया आल्या, डोक्यावर घागरी, खांद्यावर गोनपाटं. त्येंच्यात येक पोरगी, पदर कंबरंला खवसल्याला, कोयता पाठीशी आडकवल्याला. म्या वळखलं आन् माजं टाळकंच सटाकलं. साळू!

"तू ग कशाला तडमडलीस? नवरी ना तू? लग्नाआदी नवऱ्याच्या दारात?"

"आईचं गुडघं धरल्यात. घरातनं येक तरी बाई यायला पायजे ना?" खाली बघूनच बोलली. "आत्याबाई, घागर कुटं वतू ते सांगा."

आत्याबाई म्हनली मला. आजून आक्षदा पडल्या न्हाईत. म्या म्हनलं, "माज्या डोक्यावर वत!" आन् तोंड फिरवलं. तिनं घागर छपरावर वतली आन् पुन्हा झऱ्याकडं पळाली. चार खेपा केल्या तिनं. दर खेपेला मांडवाकडं बघायची, मग माज्याकडं, आन् काय न बोलता जायची.

मग आवाज आला. वनवा दिसायच्या आदी ऐकू येतो, आडगळीच्या खोलीत कुनीतरी टिपाडं लोळवावं तसा. आभाळ तांबूस झालं. वर पुरुषांचा जाळ बेस लागला, वनवा मधोमध आडला, आमी वरडलो, जिकलो म्हनून. पन डाव्या आंगाला बांधावर करवंदीची जाळी व्हती. तिनं पेट घेतला, वाऱ्याचा झोत आला, आन् पेटल्याला पाला पाखरांच्या थव्यागत आमच्या घरांवर आला.

छपरावर पडला तिथं काल्यात चर्र करून इझला. आंगनात पडला तिथं मातीत इझला. मांडवावर पडला आन् मांडव भपकन लागला.

म्या काय केलं? सांगायची बी लाज वाटती. म्या मेढीला मिठी मारली. विधवा बाई, आन् लग्नाच्या मेढीला दोनी हातांनी मिठी! डोक्यावर जाळ, मी वरडतीया, "मेढीला हात लावू नगा! माजं पोरगं लढाईवर जायचंय!" बाया लांब हुब्या, येकीचाबी पाय उचलंना. त्येंचं काय चुकलं? मीच तशी शपत घातल्याली.

साळूनं घागर टाकली. रिकामा रांजन उपडा घातला, वर चढली, कोयत्यानं वळचनीच्या दोऱ्या सपासप तोडल्या. "लोटा! भाईर लोटा!" म्हनून तिच्या वाडीच्या बायांना वरडली. त्येंनी वासे भाईरच्या बाजूला रेटले. मांडव घरापास्नं सुटला, पन मेढीनं धरून ठेवला, आन् मेढीला मी.

"आत्याबाई, सोडा!"

"माज्या लेकाच्या मुळावर आलीस ग, आवदसे! तुजं वाटुळं हुईल!" आनखीबी बोलले. ते हितं सांगत न्हाई.

तिनं मला कंबरंत धरली आन् पोतं फेकावं तशी बाजूला फेकली. मेढीच्या बुडाला दोन घाव. मांडव आंगनात कोसळला आन् तिथंच जळाय लागला, घरापास्नं धा हात लांब. मी उठून तिच्या आंगावर धावले, तर तिनं मला पाठीत धपाटा घातला. आन् दुसरा. तिसरा. दोनी हातांनी, मानंवर, पाठीवर, डोक्यावर, दम खाईना पोरगी. मग मला ढकलून शेनकाल्याच्या खड्ड्यात पाडली आन् वरनं काला चोळला. नाकातोंडात शेन. आख्ख्या दोन वाड्यांच्या बायांम्होरं, नव्या सुनंनं लग्नाआदीच सासूला बडवली!

वळचन थोडी धुमसली, ती बायांनी गोनपाटांनी मारून इझवली. अकराच्या अकरा घरं वाचली. उन्हं कलली तवा वनवा पट्ट्याच्या कडंला बसला आन् पुरुष मानसं खाली आली, काळीठिक्कर. आकारामच्या भुवया जळल्या व्हत्या. आंगनात मांडवाची राख बघून त्यो जागच्या जागी थांबला.

वाडीच्या आंब्याखाली मानसं बसली. पानी प्यायली, तंबाकू मळली. घरं वाचली त्येचा आनंद दोन चिलमी टिकला. मग कोंडीबानं घसा साफ केला.

"नवरीनं सोताच्या हातानं सोताचा मांडव तोडला. मेढीवर घाव घातला. आसं कवा ऐकलं न्हाई. ही सोयरीक पुढं न्यावी आसं मला वाटत न्हाई."

"घर वाचलं की तिच्यामुळं," आकाराम म्हनला.

"तुला इचारलं न्हाई. नवरदेवानं बोलायचं नसतं."

"आन् सासूला मारलं!" म्या म्हनलं. बगा, मला हे बोलायचं सुचलं. "धा जनींम्होरं मला गुरागत बडवली. इचारा दगडाबाईला."

दगडाबाई म्हनली, "मारलं, खरं हाय. म्या बघितलं. धुरात नीट दिसत नव्हतं, पन हात चालत व्हतं."

नाथाजी येका कडंला हुबा, मुंडासं हातात. साळू त्येच्या मागं, दोनी हात पदराखाली. तिनं तोंडातनं शबूद काढला न्हाई. पुरुषांच्या बैठकीत पोरीनं बोलायचं नसतं, आन् नाथाजीनं लेकीला तसं वळन लावल्यालं. नाथाजी येवढंच म्हनला, "उद्या न्ह्यारीच्या वक्तापतूर निरोप धाडा. मंजी माज्या सोयऱ्यांना कळवाया बरं." आन् लेकीला घेऊन निगाला.

आकारामनं माज्याकडं बघितलं. "आई?"

मेढीला मिठी मी मारली व्हती. विधवेनं. ते बी समद्यांनी बघितलं व्हतं. पन माज्या तोंडाला भिऊन त्येचं नाव कुनी काढलं न्हाई, समदं पोरीच्या माथ्यावर रचलं. मला कळत व्हतं. आन् मी गप बसले.

बापलेक वढ्याच्या वाटंला लागली. तवा मागनं कुनीतरी हळूच म्हनलं, "हिला आता कोन पदरात घेनार?" हेच शबूद. नवरा गेल्यावर माज्याबद्दल बायका पानवठ्यावर हेच बोलायच्या. तरी म्या तोंड उघडलं न्हाई.

घरात आले. आंगावर शेनाचा थर वाळून कडक झाला व्हता. पाठ चुरचुरत व्हती, म्हनलं, कार्टीचा हात जड हाय. चुलीवर पानी तापवलं, मागच्या दारी बसले आन् लुगडं सोडून घंगाळात टाकलं. शेन सुटाय लागलं तसा पदर हातात घेतला, तर पदर हातात येईना. नुसत्या चिंध्या. पाठीचा भाग कमरंपतूर जळून गेल्याला. चोळीला मागं दोन मोठी भोकं, कडा काळ्या. मानंवर हात फिरवला, तर अंबाड्याचे निम्मे केस हाताला चिकटून आले.

मी तशीच बसून ऱ्हायले. पानी निवत गेलं.

मी पेटले व्हते. मेढीला धरून हुबी व्हते तवाच जाळ पाठीवर आला, आन् रागाच्या तावात मला कळलं न्हाई. ती पोरगी मला मारत नव्हती. हातांनी जाळ इझवत व्हती. उघड्या हातांनी. म्हनून खड्ड्यात पाडली, म्हनून वरनं काला चोळला. आन् आंब्याखाली दोनी हात पदराखाली झाकून हुबी व्हती, त्ये काय लाजून नव्हं.

येक शबूद बोलली आसती तर! "त्येंचं लुगडं बगा" येवढं म्हनली आसती तरी कोंडीबाचं तोंड बंद झालं आसतं. पन न्हाई बोलली. आन् मी, जिचं तोंड वाडीत कुनी बंद करू शकत न्हाई, मी काय बोलले? मला मारलं म्हनून.

मी मोठ्यांदा रडले. आकाराम धावत आला. दुसरं लुगडं गुंडाळून म्या त्येला जळका पदर दाखवला. त्येनं त्यो बोटांनी चाचपला आन् म्हनला, "आता?"

"आता काय! हळदीचं गठुडं काढ."

लग्नाची हळद आकारामनंच आनल्याली. मिरजंला गाडी बदलायची व्हती, तवा म्या पत्रात लिवून घातल्याप्रमानं सांगलीला जाऊन दोन शेर घेऊन आला व्हता. लग्नाची हळद कुटाया सवाशिनी लागतात, आजून कुटली नव्हती. म्या सोताच पाटा घेतला आन् दोन हळकुंडं कुटून वाटली. मग हळदीचं बोट आकारामच्या कपाळाला आन् दोनी गालांना लावलं.

"आई, तू?" त्यो दचकला. मी कवा कुकवाच्या कोयरीलाबी हात लावत न्हाई.

"मी. आदी नवऱ्याला हळद लावायची, मग त्येचीच उष्टी नवरीला. लावली. आता गप बस, आन् कुनाला काय सांगू नगं."

तुपाची लोटी घेतली, हळद घेतली, आन् दिवेलागनीच्या आत वढा वलांडला. वाटंत भ्याव वाटत नव्हतं आसं न्हाई. लय वाटत व्हतं. मेढ तुटली ती तुटलीच. पाय आपोआप मागं वळत व्हतं. पन म्या मनाला म्हनलं, पोरगं जगंल का न्हाई ते तिकडं बंदुका घेऊन बसल्यात त्येंच्या हातात हाय. माजा नवरा पटकीनं मेला. येवढं कळाया मला इस वर्सं लागली. आता ह्या पोरीची वर्सं मी खानार व्हय?

नाथाजीच्या घरात चुलीचा उजेड. साळू चुलीम्होरं बसल्याली, हात परातीतल्या पान्यात बुडवल्याले. नाथाजी उठून हुबा ऱ्हायला. त्येला वाटलं, मी नकाराचा निरोप घेऊन सोता आले.

मी कुनाशी न बोलता साळूसमोर बसले. "हात भाईर काढ."

ती आईकडं बघाय लागली.

"हात भाईर काढ म्हनते ना!"

तिनं काढले. तळव्यांची कातडी वर आल्याली, बोटांवर फोड. माज्या पाठीला मात्र नुसतं चुरचुरत व्हतं. म्या तुपात हळद कालवाय घेतली तशी तिची आई भितीला धरत धरत म्होरं आली.

"रंगूबाई, आवं, हळद... तुमी..."

"व्हय, मी रांडाव. मला म्हाईत हाय. ही लग्नाचीच हळद हाय, माज्या लेकाच्या आंगाला लावून आनल्याली. आता पोरीला लागली मंजी सोयरीक मोडता येत न्हाई. कोंडीबाला सकाळी सांगीन. वरडंल. वरडू दे."

"आन् मेढ?" नाथाजीनं हळूच इचारलं.

"मेढीला आदी मी शिवले, समद्या वाडीदेखत. कुनाला पाप घालायचं आसंल तर त्येनं माज्या दारात येऊन माज्या माथी घालावं. लगीन आंब्याखाली लावू. आंब्याला मेढ लागत न्हाई."

नाथाजीनं मुंडाशाच्या शेवानं डोळे पुसले. मी साळूचा डावा हात घेतला आन् फुंकर घालत घालत तळव्याला हळद लावाय लागले. तिला झोंबत व्हतं, पन ती हू की चू करंना. म्या म्हनलं, "मघाशी आंब्याखाली बोलली का न्हाईस ग? तुज्यावर येवढं रचलं, आन् मीबी रचलं. चुकलं माजं. पोरी, लय चुकलं."

तिनं मान खाली घातली. मग लय हळू, फकस्त मला ऐकू जाईल आसं म्हनाली, "आत्याबाई, म्या लय जोरात मारलं का वं?"

माज्या डोळ्यातलं पानी तिच्या हातावर पडलं, ते म्या पदरानं टिपलं.

"जोरात कुटलं?" म्या म्हनलं. "आनखी दोन हानायला पायजे व्हतेस."

आन् तिचा दुसरा हात मांडीवर घेतला.